हरणाची वाट, माणसाची वाट

हरणाचा फोटो काढायचा असेल तर कॅमेरा कुठं लावायचा? प्रश्न तांत्रिक आहे आणि त्याची तांत्रिक उत्तरं यूट्यूबवर पाच मिनिटांत मिळतात. ती उत्तरं बरोबरही असतात. तरी गेले काही महिने मला वाटतंय की या प्रश्नाचा अर्धा भाग नीतीचा आहे, आणि तो भाग कुठल्याही व्हिडिओत नसतो.

मी बोलतोय ते ट्रॅप कॅमेऱ्याबद्दल. वीटभर आकाराचा, मातकट रंगाचा डबा. पट्ट्यानं झाडाला किंवा खांबाला बांधायचा आणि निघून जायचं. समोरून ऊबदार अंगाचं काहीतरी हललं की आतला सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. अंधारात तो डोळ्यांना न दिसणारा किंवा जेमतेम दिसणारा प्रकाश टाकतो, म्हणजे इन्फ्रारेड. महिन्याभरानं जाऊन कार्ड काढायचं.

आमची शेती आष्टी तालुक्यात आहे. बालाघाटाच्या उतरणीचा, सीनेच्या बाजूला कलत जाणारा हा मुलूख. दुधाचा आणि ज्वारी-हरभऱ्याचा. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्या ऊसतोडीला जातात, तशा इथल्याही जातात. घरी म्हातारी माणसं उरतात, शाळेतली पोरं उरतात आणि माळावर हरणं उरतात. आम्ही ज्यांना हरणं म्हणतो ती बहुतेक काळवीट असतात, क्वचित चिंकारा. शास्त्राच्या हिशेबानं ही हरणं नव्हेतच. सांबर-चितळाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट-चिंकाऱ्याची आयुष्यभर तीच राहतात. पण आष्टीच्या बाजारात उभं राहून हे सांगून बघा. हरीण ते हरीण.

शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य आहे, १९८० पासून. क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत सगळी काळविटं मावणं शक्य नाही, आणि तालुक्याची हद्द त्यांना कुणी दाखवलेली नाही. म्हणून ती कुणाच्या तरी शेतातच असतात.

आता तांत्रिक भाग, कारण तो मला मनापासून आवडतो.

कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करू नये. सकाळ-संध्याकाळ सूर्य सरळ काचेत येतो आणि फोटो पांढरे पडतात. उत्तर बरी. उंची प्राण्याच्या खांद्याच्या आसपास ठेवायची. काळविटाचा खांदा साधारण ७५ ते ८० सेंटिमीटरवर येतो, म्हणजे आपल्या मांडीच्या उंचीला. वाटेला काटकोनात लावला तर हरीण चौकटीतून निघून जातं आणि शेपूट तेवढं मिळतं, म्हणून वाटेला तिरका लावायचा. समोरचं गवत काढायचं, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या कुसळीचे शेकडो फोटो येतात. आणि मे महिन्यात फार आशा ठेवायची नाही. सेन्सर ओळखतो तो अंगाची ऊब आणि मागची पार्श्वभूमी यांतला फरक. दुपारी मातीच अंगाइतकी तापली की त्याला काही कळत नाही.

खरी अडचण जागेची आहे. जंगलातल्या सांबराची पायवाट असते, माळावरचं काळवीट मोकळ्यावर हिंडतं. पण आमचा माळ आता मोकळा कुठं राहिलाय? कुणी झटका मशीनची तार ओढलीय, कुणी जुन्या साड्या बांधून कुंपण केलंय, कुणी बुजगावणं उभं केलंय. त्यामुळे कळपाला मोजक्या जागांतूनच जावं लागतं. बांध जिथं खचलाय ती फट, ओढ्याचा उतार, दोन शेतांच्या मधली बोळ. शिवाय नराची एक सवय असते. आपल्या हद्दीत तो ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकतो. तो ढीग सापडला की समजायचं, गडी इथं परत येणार.

अशी एक जागा मला सापडली. खचलेला बांध, पलीकडं ओढा, अलीकडं ढीग, आणि कॅमेरा बांधायला नेमकी जाड खोडाची बाभळ. याहून चांगली जागा मिळाली नसती. त्या संध्याकाळी जेवताना मी ती सांगितली. चुलते खूष झाले. हरभरा कोण खातंय याचा फोटोच मिळेल, पंचनाम्याला बरं, असं त्यांचं म्हणणं. काकी भाकरी थापत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "तिथं नको लावूस. पहाटं बायका जातात तिकडं."

मग तव्यावरची भाकरी उलटून, जरा हळू आवाजात, "हरणाची वाट तीच आमची वाट."

कॅमेरा तिथं लागला नाही. पण या विषयावर मी जे काही वाचलंय त्यापेक्षा ते वाक्य मला जास्त कामाचं वाटतं.

विचार करा, ती वाट एकच का असावी? हरीण फटीतून जातं कारण बाकी सगळीकडं तार आहे. बाई ओढ्याच्या उतारावर जाते कारण बाकी सगळीकडं डोळे आहेत. आडोसा शोधणारे दोन जीव एकाच आडोशाला येतात. आणि ट्रॅप कॅमेरा लावायची उत्तम जागा म्हणजे तरी काय? जिथं कुणाला वाटतं की आपल्याला कुणी पाहत नाही, ती. तंत्र जितकं चांगलं, तितका तो कुणाच्या तरी आडोशाच्या जवळ जातो. हे त्या तंत्राच्या मुळातच आहे.

असं होऊ शकतं, एवढंच मी म्हणत नाहीये. असं झालंय. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकानं १४ महिने राहून सुमारे २७० लोकांशी बोलून अभ्यास केला; तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. वाघांसाठी लावलेल्या एका कॅमेऱ्यात जंगलात आडोशाला बसलेल्या एका बाईचा फोटो आला होता, आणि तो गावातल्या व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या ग्रुपवर फिरवला गेला. चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. पण मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त लागली. तिथल्या बायका सरपण-गवताला जाताना मोठ्यानं गातात, बोलतात. सोबतही होते आणि आवाजानं जनावरही लांब राहतं. कॅमेरे आल्यावर त्या गप्प राहू लागल्या. अशी भीती बोलून दाखवणारी एक बाई पुढं वाघाच्या हल्ल्यात गेली.

त्या कॅमेऱ्यानं तिला मारलं असं मी म्हणणार नाही. पण तो लावणाऱ्याच्या मनात वाघ होता, बाई नव्हती, हे नक्की. आणि चौकटीत दोघांनाही सारखीच जागा होती.

आता हातात धरलेल्या साध्या कॅमेऱ्याशी तुलना करून बघा. मोबाइल उचलून मी फोटो काढतो तेव्हा प्रत्येक वेळी एक निर्णय घेतो. समोर कोण आहे, तिला चालेल का, आत्ता की नंतर. चुकीचं वाटलं तर मोबाइल खिशात जातो. बोट आणि डोळा यांच्या मधल्या त्या क्षणात आपली सगळी सभ्यता असते.

ट्रॅप कॅमेऱ्यात तो क्षणच नाही. मी एकदा पट्टा आवळतो, आणि पुढचे तीस दिवस यंत्र विचार न करता काम करतं. समोर हरीण येवो, शेळी येवो, रात्री पाणी द्यायला निघालेला शेतकरी येवो, की घरून लपून भेटायला आलेली दोन पोरं येवोत. यंत्राला सगळे सारखे. म्हणजे तीस दिवसांत घ्यायचे शेकडो निर्णय मी एकाच निर्णयात कोंबले: कुठं लावला. फोटो कुणी काढला असं विचारलं तर "आपोआप निघाला" हे उत्तर खरं नाही. तो पट्टा आवळताना निघाला. म्हणूनच मी म्हणतो की जागेचा प्रश्न नीतीचा आहे. बाकी कशाला वावच उरत नाही.

हे फक्त हरणांपुरतं आहे असं समजू नका. चौकातला सीसीटीव्ही, हॉस्टेलच्या जिन्यातला कॅमेरा, घरच्यांनी चालू ठेवायला लावलेलं लाइव्ह लोकेशन, सगळ्यांची घडण हीच. एकदा बसवलं की नंतर कुणी कुणाकडं वाईट नजरेनं बघत नसतं. फक्त रेकॉर्ड होत असतं. नजर काढून घेतली म्हणून पाहणं निरागस होत नाही. उलट, पाहणारा समोर नसल्यानं त्याला "इकडं काय बघतोस?" असं विचारायची सोयही जाते.

आमच्याकडं पूर्वी शेतात माळा असायचा. चार मेढी, वर फळ्या, हातात गोफण. ज्वारी हुरड्यात आली की माणूस तिथं बसून राखण करायचा. तोही सगळं पाहायचा. पण तो सगळ्यांना दिसायचा. थंडीत तोच कुडकुडायचा, डास त्यालाच चावायचे, आणि ओढ्याकडं कुणी बाई निघाली तर तो तोंड फिरवायचा. तोंड फिरवणं ही राखणीतलीच एक गोष्ट होती. माझ्या डब्याला तोंड फिरवता येत नाही. म्हणून ते त्याच्या वतीनं, आधीच, मला फिरवून ठेवावं लागतं.

मराठीत पाहण्याला किती शब्द आहेत. राखण, टेहळणी, पाळत, दर्शन. राखण करणारा स्वतःही उघड्यावर असतो. टेहळणी करणारा पुढच्या हालचालीची तयारी करत असतो. पाळत ठेवणारा लपलेला असतो. आणि दर्शनात दोन्ही बाजूंनी पाहणं होतं. तासन्‌तास रांगेत उभं राहून माणूस विठोबाला बघतो, तेव्हा विठोबानंही आपल्याला बघितलं असा त्याचा भाव असतो. ट्रॅप कॅमेरा या चारांतला कोणता? विकत घेताना आपल्या मनात दर्शन असतं. लावल्यावर तो जे करतो ती पाळत असते. तिला राखणीपर्यंत आणता येईल का, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

इथवर बाईची गोष्ट झाली. बाईला सांगता तरी येतं. काकी बोलल्या. हरणाचं काय?

पहिलं उत्तर सोपं आहे. हरणाला लाज नाही, अब्रू नाही, त्याचा फोटो कुठंही गेला तरी त्याला फरक पडत नाही. खासगीपणा हा माणसाचा हक्क. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं पुट्टस्वामी खटल्यात तो मूलभूत हक्क म्हणून मान्य केला, तोही माणसांसाठीच. २०१० मध्ये ब्रेट मिल्स या इंग्लंडमधल्या अभ्यासकानं वन्यजीवांवरच्या टीव्ही मालिका प्राण्यांच्या खासगीपणाचा विचारच करत नाहीत असं लिहिलं, तेव्हा पुष्कळ लोकांना ते हास्यास्पद वाटलं.

मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण लाज नसली तरी लपणं असतं. काळविटाचं पाडस जन्मल्यावर सुरुवातीचे दिवस गवतात दबून पडून राहतं. आई लांब चरते, पाजायला तेवढी येते. लपणं हा त्या पाडसाच्या जगण्याचा एकमेव उपाय आहे. आपण तिथं कॅमेरा लावायला गेलो तर आपला वास राहतो, दबलेल्या गवताची वाट राहते, आणि मोकाट कुत्र्यांना तेवढं पुरतं. लाजेचा प्रश्न बाजूला ठेवा. लपलेल्याला लपलेलं राहण्यात काही हित आहे, एवढं मान्य केलं तरी पुरे.

आपल्याकडं हा विचार ब्रेट मिल्सच्या पुष्कळ आधी झालाय. महाभारताच्या आदिपर्वात पंडू राजा शिकारीला जातो आणि रतिक्रीडेत मग्न असलेल्या हरणाच्या जोडीवर बाण सोडतो. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी. मरताना तो पंडूला शाप देतो. शाप सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचं कारण नीट वाचण्यासारखं आहे. हरीण मारलं म्हणून मी तुला दोष देत नाही, शिकार हा राजांचा रिवाज आहे, असं तो म्हणतो. त्याचा राग वेगळ्या गोष्टीवर आहे: ही वेळ साधलीस, थांबला नाहीस. म्हणजे ज्या कथेत प्राणी मारणं क्षम्य आहे, त्याच कथेत त्याच्या बेसावध क्षणाचा फायदा घेणं क्षम्य नाही.

ही कसोटी मला फार उपयोगी वाटते. हरणाला इजा झाली का, एवढंच विचारून भागत नाही. त्याच्या असहायतेवर माझा फोटो उभा आहे का, हेही विचारावं लागतं. एप्रिलमध्ये ओढा आटलेला असताना उरलेल्या एकमेव डबक्याशी कॅमेरा लावला तर फोटो हमखास मिळतो. तो हमखास मिळतो, कारण त्याला दुसरीकडं जाताच येत नाही. ती जागा मी सोडून देतो. दाणे टाकून, मीठ ठेवून हरणं बोलावतात तेही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीच्या व्याख्येत सापळा लावणं, फास टाकणं यांच्याच ओळीत आमिष दाखवणंही घातलंय. कायदा लिहिणाऱ्यांनी हा मुद्दा बरोबर ओळखला होता असं मला वाटतं. भुकेचा वापर करून कुणाला तरी ठरावीक जागी आणणं हे शिकारीचं पहिलं पाऊल आहे, दुसरं पाऊल आपण टाको वा न टाको.

आणि हे नातं नावातच आहे. ट्रॅप म्हणजे सापळा. अमेरिकेत जॉर्ज शिरास नावाचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रात्री हरणांचे फोटो काढायला लागला. आधी तो शिकारी होता. होडीच्या टोकाशी उजेड ठेवून पाण्यावर आलेल्या हरणाला थबकवायची तिथल्या आदिवासींची जुनी रीत त्यानं घेतली, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. वाटेत तार ताणून, हरणाचा पाय लागला की फ्लॅश उडेल अशीही सोय त्यानं केली. १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकनं त्याचे फोटो छापले. आपल्याकडं एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं १९२० च्या दशकात अशाच तारेनं वाघांचे फोटो घेतले.

तार, वाट, दबा, वाऱ्याची दिशा. हे सगळं ज्ञान आमच्याकडं एका समाजाकडं पिढ्यानपिढ्या होतं, आणि त्याच ज्ञानावरून त्याला नाव पडलं: फासेपारधी. मी यूट्यूबवरून शिकलो ते, म्हणजे हरीण कुठून जाणार आणि कुठं थांबणार, ते त्यांना ठाऊक होतं. माझ्या हातात ते छंद झालं. त्यांच्या हातात असताना, १८७१ च्या कायद्यानंतरच्या काळात, त्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा रद्द होऊन १९५२ मध्ये ही जमात विमुक्त झाली. गावाच्या मनातून तो शिक्का अजून गेलेला नाही.

म्हणून कॅमेऱ्यात हरणाऐवजी माणूस आला तर काय करायचं, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. समजा रात्री दोन वाजता काठी घेऊन जाणारा कुणी दिसला. तो आमच्या भावकीतला असेल तर गाव म्हणेल, मोटार चालू करायला निघाला असेल. तो पारधी वस्तीवरचा असेल तर तोच फोटो पुरावा ठरेल. फोटो सारखाच, न्याय वेगळा. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. एवढ्या मोठ्या शिक्षेच्या दिशेनं बोट दाखवणारा कागद कुणाच्याही मोबाइलवर सहज जाऊ नये. हातात जाळं आणि जाळ्यात हरीण असेल तर मी कार्ड वन विभागाकडं देईन, त्यात मला शंका नाही. पण काठी आणि अंधार एवढंच असेल तर तो फोटो पुसायचा. ग्रुपवर टाकून "ओळखा पाहू कोण" असं विचारायचं नाही.

मार्च २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर कासार तालुक्यात हरणांच्या शिकारीचे आरोप झाले, वन विभागाच्या झडत्या झाल्या, आणि कितीतरी दिवस चॅनेलवर बीडची हरणं गाजत होती. प्रकरण न्यायाचं आहे, त्यावर मी बोलत नाही. त्या दिवसांत मला फक्त एक गोष्ट जाणवली. सगळे हरणांबद्दल बोलत होते आणि हरणं कुठं राहतात, काय खातात, पाडसं कधी होतात, यावर कुणाला एक मिनिट नव्हता.

आणि इथं मला माझ्याच विरुद्ध बोलायला हवं. कारण आत्तापर्यंत मी असं मांडलं की न दिसणं म्हणजे सुरक्षित असणं. ते पूर्ण खरं नाही.

सरकारी नकाशात आमचा माळ म्हणजे पडीक. गवताळ रानाला आपल्याकडं जंगलाचा मान नाही; झाडं नाहीत म्हणजे काही नाही. जिथं काही नाही तिथं काहीही आणता येतं. बीड जिल्ह्यात पवनचक्क्या आल्या, सौर पॅनेल आली. त्यांची गरज नाही असं मी म्हणत नाही, दिवसा वीज मला आणि माझ्या चुलत्यांनाही हवीय. पण "इथं काही नाही" या वाक्याला उत्तर द्यायचं तर पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे तारीख-वेळ असलेला एक फोटो: काळ्या पाठीचा नर, मागं चार माद्या, पहाटेचे सहा. ज्याला कुणी पाहिलं नाही ते कागदावर नसतंच, आणि कागदावर नसलेलं बुलडोझरला दिसत नाही.

देशपातळीवर हेच घडलं. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले. त्यांत वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. म्हणजे हजारात चारसुद्धा नाहीत. उरलेल्यांत इतर प्राणी, गुरं, गवत आणि माणसं. या कॅमेऱ्यांमुळे वाघांचा आकडा अंदाजावरून मोजणीवर आला, हे मोठं काम आहे. पण हजारात चार फोटोंसाठी उरलेल्या नऊशे शहाण्णवांचं काय करायचं, याचा नियम आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

पाहण्याचा उपयोग आम्ही इथंही अनुभवलाय. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. सुरडी, किन्ही, पारगाव, एकेक नाव कानावर यायचं आणि संध्याकाळी पाचलाच दारं बंद व्हायची. ज्वारीला पाणी द्यायला जायला कुणी धजत नव्हतं. त्या दिवसांत वन विभागानं पिंजरे लावले, ट्रॅप कॅमेरे लावले. कॅमेरा दिसला की लोकांना बरं वाटायचं. त्या वेळी खासगीपणाचं कुणी काढलं नाही, आणि काढायला नकोच होतं. डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घातली गेली.

मग फरक कशात आहे? माझ्या मते दोन गोष्टींत. त्या वेळी कॅमेरा कुठं आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि तो कशासाठी आहे यावर गावाचं एकमत होतं. धोका संपला की तो निघणार, हेही ठरलेलं होतं. ती राखण होती. तोच कॅमेरा, तीच बाभळ; पण गावाला न सांगता, मुदत न ठरवता लावला असता तर ती पाळत झाली असती.

फोटो निघाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि मोबाइल हातात असलेल्या आपल्या पिढीचा तो खास प्रश्न आहे. फोटोला पत्ता असतो. २०१३ मध्ये पन्नाच्या जंगलातल्या एका वाघाच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याची माहिती ज्या शास्त्रज्ञाच्या ईमेलवर यायची, त्या ईमेलमध्ये शिरायचा प्रयत्न झाला, आणि तो पुण्यातून झाला असं आढळलं. सर्व्हरनं तो अडवला. वाघाला शोधायला आता पायाचे ठसे लागत नाहीत, पासवर्ड लागतो. काळविटाला तर तेवढंही नको. "आमच्या शिवारात आज" असं लिहून लोकेशनसकट स्टोरी टाकली की झालं. ज्या ढिगापाशी नर परत येतो हे मला कळलं, ते इतर कुणालाही कळतं. फोटो दाखवावा, वाट दाखवू नये.

माझा कॅमेरा सध्या आमच्याच रानात, विहिरीच्या पलीकडं तुरीच्या कडेला आहे. जागा पहिल्या जागेइतकी चांगली नाही. तोंड उत्तरेला, थोडं खाली कललेलं, म्हणजे हरणाचं पूर्ण अंग येतं आणि माणूस गेला तर त्याचा चेहरा येत नाही. खांबावर पुठ्ठ्याची पाटी आहे: हरणांसाठी कॅमेरा, आणि खाली माझं नाव. वस्तीवर प्रत्येक घरात सांगितलंय. पावसाळा सुरू झाला की तो निघेल. लोक विचारतात, पाटी लावल्यावर चोरीला जाणार नाही का? जाईल कदाचित. जो मला पाहता येत नाही त्याला मी पाहतोय, याची एवढी किंमत रास्त आहे.

पहिल्या महिन्यात ९२३ फोटो आले. आठशेच्या वर तुरीच्या फांद्या, बरीच शेजाऱ्यांची शेरडं, एक मांजर, आणि अकरा फोटोंत काळविटं. एकात एक मादी मान वळवून सरळ काचेत बघतेय, कान ताठ. मी तो चुलत्यांना दाखवला. ते म्हणाले, "हरभरा खाऊन वर बघती कशी बघ." पंचनाम्यासाठी त्यांनी तो आपल्या मोबाइलवर घेतला. काकींनी चष्मा लावून एकेक करत सगळे फोटो पाहिले. हरणांवर त्या फार थांबल्या नाहीत. मागं कुठं ओढा दिसतोय का, ते त्या बघत होत्या. नव्हता दिसत. मग मोबाइल माझ्याकडं देत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता तिथंच."